फोटोतल्या अकरा जणांची नावे

गेल्या महिन्यात डिचोलीहून धाकट्या भावाचा फोन आला. पुतण्या बारावीला आहे, फुटबॉल बरा खेळतो. घरात वाद पेटलाय तो असा: क्रीडागुण पदरात पडेपर्यंत खेळायचे आणि मग बूट माळ्यावर टाकायचे, की कॉलेजात गेल्यावरही खेळत राहायचे? भाऊ म्हणाला, "दादा, तू बघतोस ना तिथल्या विद्यापीठांची स्टेडियमं. आपल्याकडे तसं काही असतं तर मी पोराला अडवलं नसतं."

हे वाक्य मी गोव्यातल्या माणसांकडून वारंवार ऐकतो. २०२३ मध्ये राष्ट्रीय क्रीडा स्पर्धा गोव्यात झाल्या, तेव्हापासून तर फारच. स्पर्धा संपल्या आणि सगळी चर्चा साधनसुविधांपाशी येऊन थांबली. बांधलेली मैदाने कोण सांभाळणार, विद्यापीठाने काय करायला हवे, अमेरिकेत होते ते इथे का होत नाही. मी मिशिगन विद्यापीठाच्या गावात, ॲन आर्बरला राहतो. अमेरिकेत नेमके काय होते ते रोज डोळ्यांसमोर आहे, म्हणून लिहायला बसलो.

स्टेडियम आहे, आणि अवाढव्य आहे. १९२७ साली खुले झाले, आज त्यात १,०७,६०१ माणसे बसतात. २०११ च्या जनगणनेप्रमाणे पणजी महापालिकेच्या हद्दीत चाळीस हजार लोक राहत होते. म्हणजे अडीच पणजी एका मैदानात. बाहेरून मात्र ते तेवढे मोठे वाटत नाही, कारण बराचसा भाग जमिनीत खोदलेला आहे. सामन्याच्या शनिवारी आसपासची घरे आपल्या अंगणातल्या हिरवळीवर गाड्या लावून घेतात आणि त्याचे पैसे घेतात. आमच्या ओळखीच्या एक आजीबाई हातात पुठ्ठ्याची पाटी धरून सकाळी सातपासून रस्त्यावर उभ्या असतात. स्टेडियम बांधण्यासाठी लोकांना रोखे विकून पैसा उभा केला होता. आपल्याकडे असा प्रश्न आला की पहिला हात सरकारपुढे पसरतो, हा फरक लक्षात ठेवण्यासारखा आहे. पण मला सांगायचे आहे ते याहून वेगळे.

मिशिगनच्या संघाने पहिला फुटबॉल सामना ३० मे १८७९ रोजी शिकागोत रसीन कॉलेजशी खेळला आणि जिंकला. (त्यांचा फुटबॉल हाताने खेळायचा, आपला पायाने, पण तो मुद्दा नाही.) गोव्यात आपला फुटबॉल कधी आला म्हणतात? १८८३ साली, शिवोलीला, फादर विल्यम रॉबर्ट लायन्स यांच्याबरोबर. चार वर्षांचे अंतर. दोन्हीकडे खेळ विद्यार्थ्यांमधूनच सुरू झाला. आज मिशिगनच्या त्या पहिल्या सामन्यापासूनची नोंद कुणालाही चाळता येते: कोण खेळले, किती गुणांनी जिंकले, पुढे त्या मुलांचे काय झाले. विद्यापीठाच्या बेंटली ऐतिहासिक ग्रंथालयात हे सगळे जपलेले आहे. आणि आपल्याकडे शिवोलीच्या त्या मुलांचे राहू द्या, वीस वर्षांपूर्वी आंतरमहाविद्यालयीन फुटबॉल कुणी जिंकला हे विचारा. मी विचारले होते. एका कॉलेजच्या कार्यालयात एक गृहस्थ अतिशय सौजन्याने म्हणाले, "बाब, रजिस्टर होतं, पण कपाट बदललं तेव्हा गेलं."

मला हेच दुखते.

नोंद म्हणजे फक्त विजयांची यादी नव्हे. १९३४ साली मिशिगनच्या संघात विलिस वॉर्ड नावाचा अव्वल खेळाडू होता. तो कृष्णवर्णीय होता. २० ऑक्टोबरला दक्षिणेतल्या जॉर्जिया टेकशी सामना होता आणि त्यांनी अट घातली की वॉर्ड मैदानात दिसता कामा नये. मिशिगनच्या अधिकाऱ्यांनी मान तुकवली, वॉर्डला बसवले. विद्यार्थ्यांनी निषेध केला, उपयोग झाला नाही. त्याच संघात जेराल्ड फोर्ड होते, पुढे अमेरिकेचे अध्यक्ष झाले ते. वॉर्ड त्यांचे मित्र. मित्राला बसवल्यावर आपण खेळायचे की नाही, या विचाराने ते हैराण झाले होते. मिशिगन ९-२ ने जिंकले आणि त्या हंगामातला तो त्यांचा एकमेव विजय ठरला. ही सगळी लाज विद्यापीठाने आपल्याच इतिहासात लिहून ठेवली आहे.

दुसरे उदाहरण बास्केटबॉलचे. १९९१ साली एकाच वेळी दाखल झालेली पाच मुले सलग दोन वर्षे अंतिम सामन्यापर्यंत गेली. पुढे खेळाडूंनी नियमाबाहेर पैसे घेतल्याचे प्रकरण उघडकीला आले, त्या काळातले विजय रद्द झाले आणि क्रीडागृहात टांगलेले त्यांचे फलक उतरवावे लागले. ते फलक जाळले नाहीत की फेकले नाहीत. गुंडाळून बेंटलीतच ठेवले आहेत.

आणि फेरी फील्ड, विद्यापीठाचे जुने मैदान. तिथे एक फलक आहे, मी मुलीला घेऊन पाहायला गेलो होतो. २५ मे १९३५ ला जेसी ओवेन्सने त्या मैदानावर पाऊण तासात तीन विश्वविक्रम मोडले आणि चौथ्याशी बरोबरी केली. ओवेन्स मिशिगनचा नव्हता, ओहायो स्टेटचा होता, म्हणजे कट्टर प्रतिस्पर्ध्यांचा. तरी फलक यांच्या मैदानावर. मुलीने विचारले, "मग तो यांचा नव्हताच तर?" मी म्हटले, पण धावला इथे ना.

आता भावाला आणि त्याच्यासारख्यांना दुसरी बाजूही सांगायला हवी. इथे सगळे गोमटे नाही. या मुलांच्या शरीरावर विद्यापीठांनी अनेक दशके कोट्यवधी डॉलर कमावले आणि मुलांना शिष्यवृत्तीपलीकडे छदाम दिला नाही. २०२१ पासून खेळाडूंना स्वतःच्या नावावर पैसे मिळवता येऊ लागले. २०२५ पासून एकेका विद्यापीठाला खेळाडूंना थेट रक्कम वाटता येते; पहिल्या वर्षाची मर्यादा सुमारे दोन कोटी पाच लाख डॉलर होती. मिळायलाच हवे होते, मला यात शंका नाही. पण त्याबरोबर मुले दरवर्षी विद्यापीठ बदलू लागली. चार वर्षे एकच अंगरखा घालणारा खेळाडू दुर्मीळ होत चालला आहे, आणि शेजारच्या आजीबाईंना संघातली निम्मी नावे ओळखीची वाटत नाहीत. हे सगळे तसेच्या तसे गोवा विद्यापीठाच्या ताळगावच्या पठारावर आणून ठेवायचे आहे का? मी नाही म्हणेन. स्त्रियांच्या बाबतीतही इथे घाई झाली होती असे नाही. शिक्षणसंस्थांत स्त्री-पुरुष भेदभावाला बंदी घालणारा १९७२ चा कायदा आला, तेव्हा कुठे १९७३-७४ पासून मिशिगनने मुलींचे अधिकृत संघ उभे केले.

गोवा विद्यापीठ १९८५ चे. त्याआधी आपली कॉलेजे मुंबई विद्यापीठाला जोडलेली, म्हणून त्या काळातला आपला इतिहास दुसऱ्याच्या दप्तरात पडला आहे. दिलीप सरदेसाई मडगावात जन्मले, मुंबईला शिकायला गेले आणि १९५९-६० च्या रोहिंटन बारिया चषकात, म्हणजे आंतरविद्यापीठ क्रिकेटमध्ये, ४३५ धावा काढून नजरेत भरले. डिसेंबर १९६१ मध्ये कानपूरला ते भारताकडून पहिली कसोटी खेळले, त्याच महिन्यात गोवा मुक्त झाला. ही नोंद राहिली, कारण मुंबईने ठेवली. आपल्याकडे धेंपे, चौगुले ही कॉलेजे १९६२ ला निघाली. त्या पहिल्या तुकड्यांतली जी मुले मैदानावर उतरली, ती आज ऐंशीच्या घरात आहेत.

माझे बाबा त्यांच्यानंतर बारा वर्षांनी खेळले. घरी घड्याळाच्या खाली एक फोटो आहे, १९७४ चा. अकरा मुले, मधल्याच्या पायाशी चेंडू, चेंडूवर खडूने साल लिहिलेले. पावसाळ्यातल्या ओलीने उजवा कोपरा पिवळा पडलाय आणि मागच्या रांगेतल्या एका चेहऱ्याला कसर लागली आहे. कापणी झालेल्या शेतात, धसकटांत अनवाणी खेळून ही मुले तयार झाली होती आणि कांपालच्या मैदानावर पहिल्यांदा गवतावर धावली, असे बाबा सांगतात. कोण जिंकले ते त्यांना पक्के आठवते. नावे मात्र आठच सांगता येतात.

भावाला मी उत्तर दिले ते एवढेच: पोराला खेळू दे, क्रीडागुण मिळोत न मिळोत. त्याला अडवायला किंवा सोडायला स्टेडियमची वाट बघू नकोस. आणि कॉलेजात जाईल तिथे त्याला सांग, दर सामन्यानंतर एका वहीत अकराच्या अकरा नावे, विरुद्ध संघ, गोल आणि तारीख लिहून ठेव. विद्यापीठाला खरेच काही मागायचे असेल तर मी एक खोली आणि एक माणूस मागेन, जो गोव्यातल्या कॉलेजांमधून अशा वह्या, फोटो, प्रमाणपत्रे गोळा करील आणि या जुन्या खेळाडूंच्या घरी जाऊन त्यांना बोलते करील. त्याला एका मैदानाच्या दिव्यांइतकाही खर्च येणार नाही. उशीर मात्र परवडणार नाही.

गेल्या रविवारी व्हिडिओ कॉलवर बाबांना फोटो भिंतीवरून उतरवायला लावला. फ्रेमचे खिळे काढताना भावाचा हात थरथरत होता, जुना कागद काचेला चिकटला होता. मी म्हटले, मागे नावे लिहून काढ, पण पेन्सिलीने, शाई पुढच्या बाजूला उतरते. त्याने डावीकडून सुरुवात केली. आठ नावे झाली. कसर लागलेल्या चेहऱ्याशी बाबा बराच वेळ थांबले आणि म्हणाले, "हा पेडण्याचा. डाव्या पायाने मारायचा." भावाने तेवढेच लिहिले.