शेळ्यांच्या हाताखाली हिब्रू

हिब्रू शिकायची असेल तर इस्रायलला जाऊ नये. तिथे सगळ्यांना इंग्रजी येतं. आपण मनातल्या मनात क्रियापद जुळवावं, घसा खरवडून 'ख' काढावा, आणि वाक्य अर्ध्यावर असतानाच समोरच्यानं 'व्हेअर आर यू फ्रॉम?' विचारून मोकळं व्हावं. पुस्तकातली हिब्रू पुन्हा बोलती करायला निघालेला एलिएझर बेन-येहुदा १८८१ साली जेरुसलेमला आला तेव्हा त्यानं घरात हिब्रूखेरीज दुसरी भाषा बोलायला बंदी घातली. पुढच्या वर्षी झालेला त्याचा मुलगा याच शिस्तीत वाढला. चार वर्षांचा होईपर्यंत पोरगं बोललंच नाही म्हणतात, पण बोललं ते हिब्रूच. मला असलं कडक घर हवं होतं. मिळाला तो नेगेवच्या वाळवंटातला एका कुटुंबाचा शेळ्यांचा मळा.

बेर शेवाहून मित्स्पे रामोनकडे जाणाऱ्या चाळीस नंबरच्या रस्त्याच्या आजूबाजूला असे मळे आहेत. कुणी द्राक्षं लावतं, कुणी शेळीच्या दुधाचं चीज करून विकतं. स्वयंसेवकानं रोज पाच-सहा तास राबायचं, बदल्यात खोली आणि जेवण. आमच्या सांगोल्याकडे याला पोटावारी कामाला राहणं म्हणतात, 'व्हॉलंटियरिंग' म्हटलं की फोटो टाकता येतात एवढंच. आजीनं उभा जन्म शेळ्यांमागे काढला तो नातवानं शिकावं म्हणून. नातू पासपोर्ट आणि व्हिसा काढून शेळ्यांमागेच गेला, हे तिला अजून कुणी सांगितलेलं नाही.

वडिलांचा प्रश्न वेगळा होता. आम्ही डाळिंबवाले. बेर शेवाजवळच्या हात्झेरिम किबुत्झात, म्हणजे सामूहिक शेतीच्या वसाहतीत, १९६५ मध्ये ठिबकची कंपनी निघाली, हे वडिलांना माझ्या जन्मतारखेपेक्षा पक्कं पाठ. मी हौसेनं शेळीबरोबरचा फोटो पाठवला. लगेच फोन. "ती शेळी बाजूला घे. मागं जैतुनाच्या बुडाला नळी दिसतीय, ती नीट दिसू दे."

तर शेळ्या. पांढऱ्याशुभ्र सानेन जातीच्या, आमच्या उस्मानाबादीपुढे अगदी मडमा. पहाटे पाचला पहिली धार. शेळ्या चौथऱ्यावर चढतात, खुराकासाठी माना अडकवून घेतात, आणि आपल्या डोळ्यांसमोर ओळीनं कासा येतात. सड पुसायचे, पहिल्या दोन-चार चिळकांड्या वाटीत काढून दूध बघायचं, मग मशीनचे दोन पेले लावायचे. ते 'च्चक' करून बसले की ठीक. नाहीतर शेळी मागचा पाय झाडते आणि पेला शेणात. ही धार चालू असताना मालक अखंड बोलत असे. माझ्याशी इंग्रजीत, शेळ्यांशी हिब्रूत. "बोई, बोई!" म्हणजे ये गं. "झूझी!" म्हणजे सरक. लाडात आला की "मोतेक". त्यांना इंग्रजी येत नव्हतं. माझा वर्ग ठरला.

खरं तर मराठी माणसाला हिब्रू इतकी जड जाऊ नये. बाई बोलली की क्रियापद बदलतं म्हणून मळ्यावरचा जर्मन पोरगा डोकं धरून बसला होता. आपण जन्मभर 'जातो-जाते' करत आलेलो, आपल्याला त्याचं काय! पण शेळ्या मोजायला गेलो आणि माज उतरला. 'एझ' म्हणजे शेळी, स्त्रीलिंगी. अनेकवचन 'इझीम', तोंडवळा पुल्लिंगी. 'तीन' स्त्रीलिंगी असेल तर 'शालोश', पुल्लिंगी असेल तर 'श्लोशा', म्हणजे 'आ'कार नेमका पुरुषांच्या वाट्याला. तीन शेळ्या मोजेपर्यंत चौथी पळालेली असे. हे सगळं मी वहीत उतरवलं होतं. एका दुपारी वही कुंपणावर राहिली आणि एका शेळीनं सबंध भूतकाळ खाल्ला. वर्तमानाला तोंड लावलं नाही. चव नसणार.

दुसरा शिक्षक मालकाचा तीन वर्षांचा नातू. त्याचा अभ्यासक्रम दोन शब्दांचा. मी काहीही केलं की "लो काखा!" म्हणजे असं नाही. कसं ते विचारलं की "लामा?" म्हणजे का. या दोन शब्दांवर तिथला कुठलाही सरकारी हापिसर होता येईल असं मला पुढे वाटू लागलं.

घर फारसं धार्मिक नव्हतं, पण शुक्रवारी सूर्य मावळला की शब्बाथ आणि शनिवारी सगळे गाढ झोपेत. कासेला शब्बाथ कळत नाही. ती धार माझ्याकडे.

एका गुरुवारी बेर शेवाच्या बाजारात गेलो. कोथिंबिरीचा भाव हिब्रूत विचारायचं जुळवत होतो, तेवढ्यात शेजारच्या म्हाताऱ्या बाईंनी माझ्याकडे निरखून पाहिलं. "मराठी काय रे तू? मी पेणची. आता दिमोनाला असते." बेने इस्रायली, म्हणजे आपल्या कोकणातल्या ज्यू. झालं, अर्धा तास मराठी. मी शनिवारी धारा काढतो हे ऐकून त्या खळखळून हसल्या. "अरे, शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून कोकणात आम्हाला शनवार तेली म्हणायचे. लग्न झालं का तुझं?" मग कोथिंबीरही त्यांनीच घेऊन दिली, घासाघीस करून, हिब्रूत. मला मधे तोंड घालू दिलं नाही.

परतीच्या बसला गर्दी. दाराशी पोत्याएवढी पिशवी आणि बंदूक घेऊन एक दाढीवाला, आडदांड सैनिक उभा. माझ्या तोंडून सवयीनं निघालं, "झूझी, मोतेक!"

तो मुकाट सरकला. बस मात्र हसून लोटपोट. मग एक आजी म्हणाल्या, पुरुषाला 'झूझ' म्हणावं. मागचा पोरगा म्हणाला, 'झूझ' उद्धट वाटतं, 'ताझूझ' म्हण. चष्मेवाल्या गृहस्थांनी थेट हिब्रू भाषा अकादमी काढली. सैनिकाचं म्हणणं, मोतेक चालेल. जो तो दुसऱ्याला खोडून काढत होता, मध्येच माझ्याकडून म्हणवून घेत होता, आणि इंग्रजी शब्द एकाच्याही तोंडून येत नव्हता. या धांदलीत माझा थांबा गेला. ड्रायव्हरला 'थांब' असं ओरडणार होतो, पण तो पुरुष, एकवचनी, म्हणजे रूप कुठलं, हे ठरेपर्यंत पुढचाही गेला.