करार आहे म्हणून रशियाच्या फौजेत जाऊ नका

माझा भाचा अमळनेरजवळच्या गावात भरतीची तयारी करतो. पहाटे पळायचं, दिवसभर बापासोबत कपाशीत राबायचं, आणि वयाची मर्यादा तर जवळ येत चाललेली. त्याला या आठवड्यात एकच मेसेज तीन ग्रुपांवर आला. त्याचा सार असा: 1971 च्या करारानुसार भारतावर हल्ला झाला की रशियाला लढावंच लागतं आणि तो करार आजही लागू आहे, त्याच्या जोरावर रशियाने अमेरिकेचं सातवं आरमार पळवलं, क्वाडमध्ये (भारत, अमेरिका, जपान, ऑस्ट्रेलिया यांच्या गटात) जाऊन आपण अमेरिकेचे मांडलिक झालो, आणि रशियन सैन्यात 'मदतनीस' म्हणून गेलेल्या भारतीयांना करारामुळे आघाडीवर पाठवत नाहीत. खाली एजंटाचा नंबर. पोरगं मला विचारतं, "मामा, करार शे ना, मंग भेव कसाना?"

शेवटचा मुद्दा आधी घेतो, कारण त्यात पोरांचे जीव जातात. भारत आणि रशियाच्या मैत्रीकरारात असं एक वाक्यही नाही. सुरत आपल्याला काही परकी नाही, गावोगावचं कुणी ना कुणी तिथं कामाला आहे. त्याच सुरतचा एक तरुण मदतनीस म्हणून गेला आणि फेब्रुवारी 2024 मध्ये ड्रोन हल्ल्यात मारला गेला. मार्चमध्ये सीबीआयने अशा एजंटांवर मानवी तस्करीचा गुन्हा नोंदवून छापे घातले. जुलैत पंतप्रधानांना मॉस्कोत पुतिन यांच्यापुढे आपली माणसं सोडा म्हणून विषय काढावा लागला. जानेवारी 2025 मध्ये परराष्ट्र मंत्रालयाने आकडे सांगितले: 126 प्रकरणं, त्यात 12 जण ठार, 16 बेपत्ता. करार वाचवणार होता, तर हे कसे मेले? परदेशी नोकरी लावणाऱ्या एजंटाची परराष्ट्र मंत्रालयाकडे नोंदणी असावी लागते, ती सरकारच्या ई-मायग्रेट या संकेतस्थळावर दिसते. त्या नंबरवाल्याला नोंदणी क्रमांक विचारा आणि तिथं तपासा.

आता करार. 9 ऑगस्ट 1971 ला दिल्लीत भारताचे परराष्ट्रमंत्री स्वर्णसिंग आणि सोव्हिएत संघाचे, म्हणजे तेव्हाच्या रशियाचे, परराष्ट्रमंत्री ग्रोमिको यांनी सही केली. मेसेज लिहिणाऱ्याने नववं कलम वाचलेलंच दिसत नाही. एकाशी लढणाऱ्या तिसऱ्या देशाला दुसऱ्याने मदत करायची नाही. हल्ला झाला किंवा हल्ल्याचा धोका दिसला, तर दोघांनी ताबडतोब सल्लामसलत करायची आणि योग्य ती परिणामकारक पावलं उचलायची. सैन्य पाठवलंच पाहिजे असं त्यात कुठेही नाही. उलट चौथ्या कलमात सोव्हिएत संघाने भारताच्या अलिप्ततेचा आदर मान्य केला आहे. 1991 च्या ऑगस्टमध्ये कराराला मुदतवाढ मिळाली आणि डिसेंबरमध्ये सोव्हिएत संघच उरला नाही. जानेवारी 1993 मध्ये रशियाचे अध्यक्ष येल्त्सिन दिल्लीला आले तेव्हा नवा करार झाला आणि सुरक्षेचं जुनं कलम त्यात आलं नाही. लढायचं बंधन कसं लिहितात ते पाहायचं असेल तर जून 2024 चा रशिया आणि उत्तर कोरियाचा करार पाहा. एकावर हल्ला झाला तर दुसऱ्याने लष्करी मदत करायची, असं त्यात सरळ म्हटलंय. भारताशी रशियाने तसं काही लिहून दिलेलं नाही.

आरमाराच्या गोष्टीत थोडं तथ्य आहे, ते नाकारत नाही. डिसेंबर 1971 च्या युद्धात सातव्या आरमाराची विमानवाहू नौका 'एंटरप्राइज' बंगालच्या उपसागराकडे निघाली, तिच्या मागावर सोव्हिएत युद्धनौका आल्या, आणि सुरक्षा परिषदेत त्यांनी पुन्हा पुन्हा नकाराधिकार वापरला. हे उपकार मोठेच. पण त्या दोन आरमारांत एक गोळीही झडली नाही, आणि ढाका 16 डिसेंबरला आपल्या जवानांनी घेतलं.

क्वाडवर फार शब्द खर्चायची गरज नाही. त्यात एकमेकांसाठी लढायचं कलमच नाही. 2016 चा अमेरिकेबरोबरचा करार जहाजं आणि विमानांना इंधन, रसद देण्याघेण्याचा आहे. त्यानंतर, 2018 मध्ये, अमेरिकेच्या निर्बंधांची धमकी डोक्यावर असताना भारताने रशियाकडून एस-400 ही हवाई संरक्षण यंत्रणा घेण्याचा करार केलाच.

हा मेसेज ज्यांनी पुढे ढकलला त्यांनी त्याच ग्रुपांवर तो खोटा असल्याचं आजच लिहावं, आणि एजंटाचा नंबर पोलिसांना द्यावा.