खुर्चीत मुरण्याची सनदशीर रीत

वाचकहो, राष्ट्राध्यक्ष होऊन खुर्चीतच म्हातारं व्हायची इच्छा असेल, तर बंदुका आधी खाली ठेवा. मध्य अमेरिकेतल्या एल साल्वादोरचे राष्ट्राध्यक्ष नायिब बुकेले फेब्रुवारी 2020 मध्ये एका कर्जाच्या मंजुरीसाठी सशस्त्र सैनिक घेऊन संसदेत शिरले होते. नुसती बोंबाबोंब झाली. मग ते निवडणुकीपर्यंत थांबले. बहुमत मिळताच 1 मे 2021 रोजी नव्या संसदेने पहिल्याच दिवशी सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठातले पाचही न्यायाधीश आणि देशाचे मुख्य सरकारी वकील घरी पाठवले. सुंठीवाचून खोकला गेला.

आता राज्यघटना आडवी येईल. बदलायची घाई करू नका, आधी ती वाचणारी माणसं बदला. 1983 च्या त्या घटनेत लागोपाठ दुसऱ्यांदा अध्यक्ष होण्याची सोय नव्हती. मुदत पाच वर्षं, ‘एक दिवसही जास्त नाही’ असं चक्क लिहिलं होतं. नव्या न्यायाधीशांनी सप्टेंबर 2021 मध्ये तीच घटना वाचली आणि सांगितलं, सहा महिने आधी बाजूला व्हा, मग खुशाल उभे राहा. बुकेलेंनी रजा टाकली, कारभार आपल्याच खासगी सचिवबाईंकडे दिला आणि फेब्रुवारी 2024 मध्ये सुमारे 85 टक्के मतं घेऊन परतले. मतदानाआधी संसदेच्या जागा 84 वरून 60 आणि नगरपालिका 262 वरून 44 केल्या होत्या. काटकसर, दुसरं काय!

आणीबाणीही लावा, पण बेताबेताने. इंदिराबाईंनी एकवीस महिन्यांत आटोपती घेतली, तिथेच चुकलं. साल्वादोरची 27 मार्च 2022 ला तीस दिवसांसाठी लागली आणि संसद दर महिन्याला तीस दिवसच वाढवते, त्यामुळे कायमची म्हणायची कुणाची टाप नाही. गुंडटोळ्यांतले म्हणून ऐंशी हजारांहून जास्त लोक आत गेले. खटले तुंबतील ही काळजी नको. 2023 च्या कायद्याने नऊशेपर्यंत आरोपींचा एकच खटला चालवता येतो. त्यातला एखादा निर्दोष निघाला, तर रांगेत थांबेल बिचारा.

आणि हो, हे सगळं पचायला एक पथ्य पाळावंच लागतं: एखादा भयंकर प्रश्न खरोखर सोडवा. 2015 मध्ये त्या चिमुकल्या देशात साडेसहा हजारांवर खून झाले होते. सरकारी आकड्यानुसार 2024 मध्ये 114. टोळ्यांना खंडणी देऊन देऊन पिचलेला दुकानदार रात्री निर्धास्त शटर ओढतो, त्याला तुम्ही घटनेचं कलम वाचून दाखवणार? दाखवा बघू. मलाही जमणार नाही. शेजारच्या पोराला का नेलं, हे मात्र त्या दुकानदाराला विचारू नका. तोही विचारत नाही.

शेवटचा हात जुलै 2025 मध्ये फिरला. 57 विरुद्ध 3 मतांनी अध्यक्षाला कितीही वेळा उभं राहण्याची मोकळीक मिळाली, मुदत पाचाची सहा वर्षं झाली, निम्म्याहून जास्त मतं कुणालाच नसली तर होणारी मतदानाची दुसरी फेरी गेली. पूर्वी घटनादुरुस्तीला पुढच्या संसदेचीही मान्यता लागायची. ती कटकट जानेवारीतच मिटवली होती. बदल्यात बुकेलेंची चालू मुदत 2029 ऐवजी 2027 मध्येच संपणार आहे. स्वतःची दोन वर्षं अशी हसत हसत सोडणारा दुसरा नेता दाखवा मला!