नुसतं पॉइंट झीरो वन

२०२४ मध्ये एकदा सोसायटीच्या बाकावर चारचौघांत माझा पाणउतारा झाला, तोही दशांश चिन्हावरून.

"रात्री दोनला तुझ्या खोलीत दिवा. काय चाललंय?" खालच्या मजल्यावरचे काका बँकेतून निवृत्त झालेले, चौकशी हा त्यांचा हक्क.

"फेडोरा ४१ ही लिनक्स प्रणाली, तिच्यात पायथन या प्रोग्रामिंग भाषेचं ३.१२ चं ३.१३ करायचंय. त्याची आखणी."

काकांनी डोळे मिटून वजाबाकी केली. "पॉइंट झीरो वन? आमच्याकडे एवढा फरक आम्ही राउंड ऑफ करायचो."

"दशांश नाही हो ते. तीनची तेरा नंबरची आवृत्ती. ३.९ नंतर ३.१० आली होती."

"म्हणजे तीन पॉइंट एक. उतरलंच की!"

इथे मी गप्प. कारण २०२१ मध्ये शिकल्यासवरल्या लोकांच्या यंत्रांनीही हेच केलं. यामल नावाच्या सेटिंगच्या फाइलीत ३.१० ला अवतरणचिन्हं घालायची राहिली, की ते ३.१ वाचलं जायचं आणि चाचणी पायथन ३.१ मागत बसायची.

तर त्या पॉइंट झीरो वनचा हिशेब. पायथनची पॅकेजं, म्हणजे तयार प्रोग्रामांचे गठ्ठे, ज्या फोल्डरात बसतात त्याच्या नावातच ३.१२ आहे. नवा पायथन तिकडे ढुंकूनही बघत नाही. म्हणून हजारो पॅकेजं पुन्हा बिल्ड करायची, म्हणजे मूळ कोडवरून नव्याने बांधायची, साइड टॅग नावाच्या वेगळ्या कप्प्यात, क्रमाने. क्रम लावायला जावं तर सेटअपटूल्स या पॅकेज बांधायच्या अवजाराच्या चाचण्यांना पायटेस्ट हे चाचण्या चालवणारं अवजार लागतं आणि पायटेस्ट बिल्ड करायला सेटअपटूल्स. लग्न झाल्याशिवाय वेड जात नाही, वेड गेल्याशिवाय लग्न होत नाही! मग चाचण्या बंद ठेवून एकदा लग्न उरकायचं, आणि नंतर चाचण्या लावून तेच पॅकेज पुन्हा बिल्ड करायचं.

शिवाय ३.१३ मधून टेलनेटलिब, सीजीआय, क्रिप्ट अशी १९ जुनी मॉड्यूलं, म्हणजे पायथनसोबत येणारे तयार तुकडे, गेली. २०२२ पासून ३.११ कानीकपाळी ओरडत होतं, की ही जाणार आहेत. पण इशारा वाचतो कोण? बिल्ड कोसळलं की तेच लोक मला विचारतात, "तुम्ही काय मोडलंत?" त्यातला एखादा, साइड टॅग उघडा असतानाच, मुख्य शाखेत जुन्या पायथनवर आपलं नवं पॅकेज बिल्ड करून मोकळा होतो. आता त्याचं बिल्ड वरचढ, माझं बाद. पुन्हा करा. 'जरा थांबा' अशी मेल गेलेली असते, ती अर्थातच कुणी उघडलेली नसते.

यातलं निम्मं मी काकांना सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"आणि एवढं करून मला नवीन काय दिसणार?"

"काही नाही. काही दिसलं, तर आमचं चुकलं."

"बरं. मग हे एकदा झालं की सुटलास?"

"दर वर्षी असतं, काका. दर ऑक्टोबरला नवी आवृत्ती. पुढची ३.१४."

काकांचा चेहरा पहिल्यांदाच खुलला.

"बावीस छेद सात! अरे, त्याचा भागाकार कधी संपत नाही."