खुलासा : फिस्क ज्युबिली सिंगर्सना गाणी ‘शिकवली’ कोणी?

अमेरिकेतल्या फिस्क या कृष्णवर्णीयांच्या विद्यापीठातल्या गायकवृंदाबद्दल एक समजूत फिरते : जॉर्ज व्हाइट या गोऱ्या शिक्षकाने विद्यार्थ्यांना गुलामगिरीतली भजनं शिकवली आणि जगापुढे आणली. अर्धं खरं, अर्धं उलटं.

व्हाइट फिस्कचे खजिनदार, आणि संगीतही शिकवत. विद्यापीठाची तिजोरी रिकामी होती, म्हणून ६ ऑक्टोबर १८७१ रोजी नॅशव्हिलहून नऊ विद्यार्थी घेऊन ते गाण्याच्या दौऱ्यावर निघाले. ही जिद्द त्यांचीच. पण भजनं त्यांची नव्हेत. ती विद्यार्थ्यांच्या घरची. आईबापांसाठी ती इतकी पवित्र होती, की चारचौघांत म्हणायला मुलं आधी तयारच नव्हती. सुरुवातीला कार्यक्रमात भर होता तो गोऱ्या श्रोत्यांच्या ओळखीच्या गाण्यांवर.

आणि इथेच एला शेपर्डचं नाव गाळलं जातं. १८५१ साली गुलामगिरीत जन्मलेली ही मुलगी १८६८ मध्ये सहा डॉलर घेऊन फिस्कला आली. वृंदाची पियानोवादक तीच, तालमी घेणारीही तीच. ऐकीव भजनं कागदावर उतरवायचं कामही तिने केलं. आजच्या भाषेत सांगायचं तर विद्यार्थिनी आणि सहदिग्दर्शक, दोन्ही. हुद्दा मात्र ‘साहाय्यक’.

दौऱ्यांच्या कमाईतून उभी राहिलेली फिस्कची ज्युबिली हॉल ही इमारत १८७६ साली पुरी झाली. तेव्हा व्हाइट यांचं श्रेय कापायला नको, फक्त ‘शिकवली’ हा शब्द काढा.