नाताळ पाळणं ही मूर्तिपूजा आहे का?

डिसेंबर लागला की ख्रिस्ती लोकांच्या मोबाइलवर एक मजकूर फिरू लागतो: ‘खऱ्या ख्रिस्ती माणसाने नाताळ पाळू नये.’ कारणं ठरलेली असतात. 25 डिसेंबर हा रोमी सूर्यदेवाचा जन्मदिवस आणि तो कॉन्स्टंटाइन बादशहाने मंडळीच्या (चर्चच्या) गळ्यात बांधला. बायबलमध्ये या सणाची आज्ञा नाही. बायबलमध्ये वाढदिवस केले ते फक्त मिसरच्या फारोने आणि हेरोद राजाने. शिवाय सजवलेल्या झाडाचा यिर्मया संदेष्ट्याने आधीच धिक्कार करून ठेवलाय. हे पुढे पाठवणारे बहुतेक जण मनापासून पाठवतात. देवाला न आवडणारं काही आपल्या हातून घडू नये, ही त्यांची तळमळ खरी असते. पण हा मजकूर वाचून साध्या विश्वासी माणसांना आपण मूर्तिपूजा करत आलो असं वाटू लागतं, घराघरांत वाद पेटतात. म्हणून एकेक मुद्दा तपासायलाच हवा.

सूर्यदेवापासून सुरुवात करू. ऑरेलियन बादशहाने 274 साली रोममध्ये ‘अजिंक्य सूर्या’चं मंदिर उभारलं, हे खरं. पण 25 डिसेंबरच्या जन्मदिवसाचा मुख्य पुरावा कोणता? रोममधली 354 सालची एक दिनदर्शिका. तिच्यात 25 डिसेंबरला अजिंक्याचा जन्मदिवस आणि त्यानिमित्त 30 रथशर्यती अशी नोंद आहे. आता ही दिनदर्शिका ज्या संग्रहात आहे त्याची आणखी पानं उलटा. तिथे हुतात्म्यांच्या स्मरणदिनांची यादी लागते आणि तिच्या सुरुवातीलाच 25 डिसेंबरला यहूदीयातल्या बेथलेहेमात ख्रिस्त जन्मला, असं लिहिलंय. ही यादी 336 च्या सुमाराची मानली जाते. म्हणजे दोन्ही नोंदी एकाच संग्रहातल्या. कोणी कोणाची तारीख घेतली, हे त्यावरून छातीठोकपणे सांगता येत नाही.

तारखेचा दुसरा एक उलगडाही आहे. ख्रिस्ताला वधस्तंभावर खिळलं तो दिवस 25 मार्च, असं पश्चिमेकडच्या मंडळीत फार पूर्वीपासून मानलं जाई. ज्या तारखेला तो मरियेच्या उदरात आला त्याच तारखेला त्याने मरण सोसलं, अशी परंपरा प्राचीन ख्रिस्ती धर्मपंडित ऑगस्टीन नोंदवतो. 25 मार्चपासून नऊ महिने मोजा, 25 डिसेंबर येतो. हा हिशोब ऐतिहासिक म्हणून मी मांडत नाही. येशूच्या जन्माची तारीख शुभवर्तमानांत दिलेलीच नाही. पण ही तारीख सूर्यपूजेतूनच आली असं ठामपणे म्हणणाऱ्याने या हिशोबाचाही विचार करावा.

आणि समजा, त्या दिवशी खरोखर सूर्याचा उत्सव असे. म्हणून काय तो दिवस सूर्याच्या मालकीचा झाला? दिवस तुझा आणि रात्रही तुझीच, सूर्य तूच सिद्ध केलास, असं चौऱ्याहत्तरावं स्तोत्र देवाला म्हणतं. देवाने घडवलेली तारीख कुठल्या दैवताच्या नावावर कायमची कशी चढेल?

कॉन्स्टंटाइनचं म्हणाल तर नाताळ पाळण्याचा त्याचा एकही हुकूम उपलब्ध नाही. तो 337 साली वारला. त्याने सण लादला असता तर तो सर्वांत आधी त्याच्याच राजधानीत रुजायला हवा होता. प्रत्यक्षात कॉन्स्टँटिनोपलमध्ये 25 डिसेंबरचा सण दिसतो 380 च्या सुमारास. 386 मध्ये अंत्युखिया शहरात उपदेश करताना धर्मगुरू योहान क्रिसोस्तोम सांगतो की हा दिवस आपल्याकडे माहीत होऊन अजून दहा वर्षंही झाली नाहीत. आर्मेनियन मंडळी तर आजही ख्रिस्तजन्म 6 जानेवारीलाच साजरा करते.

‘आज्ञा नाही, म्हणून पाप’ हा खरा वजनदार मुद्दा. देवाच्या वचनात भर घालू नका, असं बायबलमधल्या ‘अनुवाद’ या पुस्तकात सांगितलंय, आणि ते मलाही मान्य आहे. पण योहानाच्या शुभवर्तमानाचा दहावा अध्याय उघडा. हिवाळा आहे, यरुशलेमेत मंदिराच्या पुनर्समर्पणाचा सण चालू आहे आणि येशू शलमोनाच्या देवडीत फिरतोय. हा सण मोशेच्या नियमशास्त्रात कुठेच नाही. ख्रिस्तापूर्वी 164 च्या सुमारास मक्काबी या यहूदी वीरांनी, शत्रूंनी विटाळलेलं मंदिर शुद्ध केलं, त्याच्या आनंदात लोकांनी तो सुरू केला. ज्या येशूने मंदिरातल्या व्यापाऱ्यांचे चौरंग उलथे केले, तो या सणाविरुद्ध अवाक्षर काढत नाही. उलट, समर्पणाच्या त्याच सणात तो स्वतःबद्दल म्हणतो की पित्याने मला पवित्र करून जगात पाठवलं. पुत्राचं जगात येणं! नाताळात आपण दुसरं काय आठवतो?

यहूद्यांच्या संहारातून झालेल्या सुटकेच्या पुरीम सणाचंही तेच. एस्तेरच्या पुस्तकात मर्दखय आणि एस्तेर पत्रं धाडून तो सण ठरवून देतात. देवाने केलेल्या सुटकेची कृतज्ञतेने आठवण ठेवणं म्हणजे वचनात भर घालणं नव्हे. भर तेव्हा पडते जेव्हा आपण त्या सणाला तारणाची अट बनवतो. गलतीकरांना दिवस आणि महिने पाळण्यावरून प्रेषित पौलाने फटकारलं ते त्याचसाठी. एरवी तोच पौल पेंटेकॉस्टच्या सणाला यरुशलेमेत पोहोचण्याची घाई करत होता.

वाढदिवसाच्या मुद्द्यात दम नाही. वाढदिवसाच्या मेजवानीत हेरोदाने बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाचं शिर कापवलं; त्याचं पाप खुनाचं होतं, मेजवानीचं नव्हे. आणि त्याच योहानाबद्दल देवदूत त्याच्या बापाला, जखऱ्याला, काय सांगतो? त्याच्या जन्माने पुष्कळांना आनंद होईल. दासाच्या जन्माचा आनंद चालतो, मग प्रभूच्या जन्माचा का नाही?

यिर्मयाच्या दहाव्या अध्यायाचं तिसरं-चौथं वचनच सगळे उद्धृत करतात. पाचवंही वाचा: ती बोलत नाहीत, चालत नाहीत, त्यांना उचलून न्यावं लागतं. हे वर्णन लाकडातून कोरून सोन्यारुप्याने मढवलेल्या मूर्तीचं आहे. नाताळाच्या झाडाची जर्मन भाषक मुलखातली प्रथा त्यानंतर दोन हजार वर्षांनी आली. झाडापुढे कोणी हात जोडत असेल तर त्याला जरूर अडवा.

राहिला दारू, उधळपट्टी आणि बाजार. तिथे मी मजकूर पाठवणाऱ्याच्या बाजूने आहे. कर्ज काढून कपडे आणि रोषणाई करण्याचा बाळ येशूशी काडीचा संबंध नाही. ते सारं खुशाल टाकून द्या.

नाताळ न पाळणारे पूर्वीही होते. इंग्लंडच्या प्युरिटन (कडव्या सुधारणावादी प्रोटेस्टंट) पार्लमेंटने 1647 मध्ये तो बंद केला. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्सच्या वसाहतीत 1659 पासून 1681 पर्यंत तो पाळणाऱ्याला पाच शिलिंग दंड होता. त्यांची निष्ठा मी नाकारत नाही, पण दंड करण्याचा अधिकार त्यांना कोणी दिला? एक जण एखादा दिवस विशेष मानतो, दुसरा सगळे दिवस सारखे मानतो. प्रत्येकाने आपल्या मनाची खातरी करून घ्यावी, असं पौल रोमकरांना लिहितो. तुमच्या मंडळीतलं एखादं कुटुंब नाताळ पाळत नसेल तर त्याला टोमणे मारू नका, उपासनेला यायचा आग्रहही धरू नका. आणि त्या कुटुंबानेही, लूकचा दुसरा अध्याय वाचून आनंदाने गाणाऱ्या आपल्या भावंडांना मूर्तिपूजक म्हणू नये.