चांदीच्या नॅनोकणांचे पाणी प्यायल्याने औषधांना दाद न देणारा संसर्ग बरा होत नाही

‘प्रतिजैविकांचा काळ संपला. चांदीच्या नॅनोकणांचे (अतिसूक्ष्म कणांचे) पाणी रोज दोन चमचे घ्या. कोणताही जंतू टिकणार नाही, चांदीला प्रतिकार करणे त्याला जमणारच नाही आणि शरीराला काही अपाय होणार नाही’, अशा आशयाचा मजकूर मोबाइलवरून मोठ्या प्रमाणात फिरत असतो. औषधांना दाद न देणाऱ्या जिवाणूंमुळे २०१९ या एका वर्षात जगभरात सुमारे १२ लाख ७० हजार माणसे थेट दगावली, असा अंदाज आहे. घरचे माणूस अतिदक्षता विभागात असताना असा मजकूर हाती आला, तर त्यावर विश्वास ठेवावासा वाटणे स्वाभाविक आहे, आणि म्हणूनच त्यातले प्रत्येक विधान तपासले पाहिजे.

‘चांदीपुढे कोणताही जंतू टिकत नाही’ हे विधान प्रयोगशाळेतील काचेच्या बशीपुरते बऱ्याच अंशी खरे आहे. चांदीचे आयन, म्हणजे कणांतून सुटणारे विद्युतभारित अणू, जिवाणूंच्या प्रथिनांतील गंधकयुक्त गटांना चिकटतात आणि त्यांची श्वसनसाखळी (ऊर्जा मिळवण्याची यंत्रणा) व आवरण निकामी करतात. मात्र मारण्याचे काम मुख्यत्वे या आयनांचे असते. अमेरिकेतील राइस विद्यापीठातील संशोधकांनी २०१२ मध्ये चांदीचे नॅनोकण प्राणवायूरहित वातावरणात तपासले, तेव्हा आयन सुटले नाहीत आणि कणांचा मारक परिणामही दिसला नाही. रक्तात तर क्लोराइड भरपूर असते, अल्ब्युमिनसारखी प्रथिने असतात आणि सुटलेले आयन ती लगेच बांधून टाकतात. त्यामुळे बशीत जिवाणू मारणारी मात्रा फुप्फुसातल्या किंवा रक्तातल्या संसर्गापर्यंत त्याच ताकदीने पोहोचेल, असे मानायला आधार नाही.

‘रुग्णालयांतही चांदी वापरतात’, हा पुढचा दाखला. ती वापरतात हे खरे, पण कुठे? सिल्व्हर सल्फाडायझिन या चांदीयुक्त औषधाचे मलम १९६८ पासून भाजलेल्या जखमांवर लावले जाते. चांदीयुक्त पट्ट्या आणि चांदीचा थर दिलेल्या, लघवीसाठी घालायच्या नलिकाही (कॅथेटर) आहेत. हे सारे उपयोग पृष्ठभागावरचे आहेत, आणि तिथेही यश मर्यादित आहे. ब्रिटनमधील २४ रुग्णालयांत सात हजारांहून अधिक रुग्णांवर झालेल्या आणि २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, चांदीचा थर दिलेल्या नलिकांमुळे लक्षणे असलेला मूत्रसंसर्ग म्हणावा तसा कमी झाला नाही.

सगळ्यांत घातक विधान म्हणजे ‘जिवाणूंना चांदीविरुद्ध प्रतिकार येऊच शकत नाही’. १९७५ मध्ये बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमधील साल्मोनेला या जिवाणूच्या एका प्रकाराची नोंद प्रसिद्ध झाली. भाजलेल्या रुग्णांच्या विभागात, जिथे सिल्व्हर नायट्रेट हे चांदीचे संयुग वापरले जात होते, तिथेच हा जिवाणू पसरला होता. तो चांदीला जुमानत नव्हता, आणि क्लोरॅम्फेनिकॉल व अँपिसिलिन या प्रतिजैविकांनाही जुमानत नव्हता. पुढे १९९९ मध्ये त्यामागची जनुके उलगडली: त्यांच्यापासून बनणारे एक प्रथिन चांदीचे आयन धरून ठेवते, तर काही पंपासारखे काम करून ते पेशीबाहेर फेकतात. ही जनुके प्लाझ्मिडवर, म्हणजे एका जिवाणूकडून दुसऱ्याकडे जाऊ शकणाऱ्या डीएनएच्या वर्तुळावर, प्रतिजैविकरोधी जनुकांच्या शेजारीच होती. याचा अर्थ असा, की चांदीचा सरसकट मारा केला तर ज्या जिवाणूंना आपण घाबरतो तेच निवडून मागे राहू शकतात. नॅनोकणांनाही ही सूट नाही. चेक प्रजासत्ताकातील ओलोमौत्स येथील संशोधकांनी २०१८ मध्ये दाखवून दिले, की ई. कोलाय आणि स्यूडोमोनास या जिवाणूंना वारंवार नॅनोकणांच्या सान्निध्यात वाढवले असता ते फ्लॅजेलिन नावाचे प्रथिन अधिक सोडू लागतात, त्यामुळे कणांच्या गुठळ्या होतात आणि त्यांचा मारक परिणाम ओसरतो. यासाठी जिवाणूंना जनुकांत बदलही करावा लागला नाही.

‘औषध कंपन्या हे सत्य दडपतात’, हा आरोप तर टिकतच नाही. चांदीचे मलम औषध कंपन्याच बनवतात आणि विकतात. चांदीविषयीचे आशादायक संशोधनही उघडपणे प्रसिद्ध होते: अल्प चांदी दिल्यास ग्रॅम-ऋण (बाहेरून आणखी एक आवरण असलेल्या) जिवाणूंवर प्रतिजैविकांचा परिणाम वाढतो, हे २०१३ मध्ये उंदरांवरील प्रयोगांतून मांडले गेले. माझ्या मते चांदीचे खरे भवितव्य अशा जोडउपचारांत आहे, पण तिथेही चांदी प्रतिजैविकाच्या सोबतीने येते, त्याच्या जागी येत नाही.

‘अपाय नाही’ हेही खोटे आहे. दीर्घकाळ पोटात गेलेली चांदी ऊतींमध्ये साठते, त्वचा निळसर-करडी होते आणि हा बदल सहसा कायमचा असतो. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १९९९ मध्येच नियम केला, की कोलॉइडल चांदी (द्रवात तरंगणारे चांदीचे सूक्ष्म कण) असलेली विनाचिठ्ठी औषधे सुरक्षित आणि परिणामकारक मानता येणार नाहीत. त्यातही रुग्णाच्या दृष्टीने सर्वांत गंभीर बाब अशी, की पोटात घेतलेली चांदी काही प्रतिजैविकांचे शोषण कमी करू शकते. कल्चरचा (जंतू वाढवून केलेल्या तपासणीचा) अहवाल पाहून डॉक्टरांनी मोजून दिलेली गोळी, तिला मदत म्हणून घेतलेल्या त्या दोन चमच्यांमुळेच, अपुऱ्या मात्रेत रक्तात पोहोचू शकते.